उलट टाक्याचा इतिहास

आजच्या विषयाच्या फलकावर 'लोकरीच्या विणकामातील उठावदार वीण' असे शब्द वाचून काही मंडळींना वाटले असेल की तत्त्वज्ञानाचा हा निवृत्त मास्तर भलत्याच वर्गात शिरला. तसे काही नाही. 'ज्ञान म्हणजे काय' हा प्रश्न आम्ही आयुष्यभर शिकवला. त्या अभ्यासक्रमात विधानांचे ज्ञान भरपूर होते. बोटांच्या ज्ञानाला मात्र अर्धा तासही नेमलेला नव्हता. त्या ज्ञानाचा इतिहास कसा असतो, तो कुठे सापडतो आणि कुठे हरवतो, हे पाहायला उठावदार विणीइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही. तेव्हा आज इतिहासच सांगायचा आहे. फक्त मधूनमधून मनातल्या मनात दोन सुया हातात धराव्या लागतील, एवढी तयारी ठेवा.

आधी शब्दाचं बघू. मराठीत आपण लुगडे विणतो, बाज विणतो, टोपली विणतो, कोळी जाळे विणतो, आणि स्वेटरही आपण विणतोच. क्रियापद एकच. त्यामुळे एक मोठा फरक झाकला जातो. मागावरच्या कापडात धाग्यांचे दोन संच असतात, उभे ताणलेले आणि आडवे भरलेले. दोन्ही एकमेकांच्या वरून-खालून सरळ जातात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. तो स्वतःच्याच फासांतून नवे फास ओढत पुढे जातो. म्हणून लुगडे फाटते आणि स्वेटर उसवतो. एक टोक ओढले की सगळा स्वेटर पुन्हा लोकरीचा गुंडा होऊ शकतो.

आता हा फास ओढायचा तर दिशा दोनच. सूत मागे ठेवून, सुई पुढून मागे घालून, फास आपल्याकडे ओढला तर तो सुलट टाका. सूत पुढे घेऊन, सुई मागून पुढे आणून, फास पलीकडे ढकलला तर उलट टाका. सुलट टाका समोरून पाहिला तर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा सपाट दिसतो. उलट टाक्याचा आडवा दाणा वर येतो. आणि गंमत अशी, की हे दोन टाके मुळात दोन नाहीतच. सुलट टाका पाठीमागून पाहिला की तोच उलट. कापडाला पुढची आणि मागची अशा दोन बाजू आहेत आणि पाहणारा एका वेळी एकाच बाजूला बसतो, म्हणून आपण दोन नावे ठेवली. मराठीने नावे फार नेमकी ठेवली आहेत. फ्रेंच भाषाही हीच जोडी वापरते, सुलट बाजूचा फास आणि उलट बाजूचा फास. जर्मनीत त्यांना उजवा आणि डावा म्हणतात. इंग्रजीत उलट टाक्याचे नाव निराळेच आहे, आणि १९व्या शतकातल्या पुस्तकांत तर ते 'मोती' या अर्थाच्या शब्दासारखे लिहिलेले सापडते. दाणा दिसला असेल, मोती म्हटले असेल. व्युत्पत्तीत शिरायला नको.

नवशिक्या माणसाला पहिली उठावदार वीण शिकवतात ती दाण्याची. सगळीकडे एकेक दाणा, तांदूळ पसरल्यासारखा. नियम काय, तर एक सुलट, एक उलट, पुन्हा एक सुलट, एक उलट. बस्स. आणि स्वेटरच्या बॉर्डरची, म्हणजे मनगटाशी आणि कमरेशी जी ताणली जाणारी उभ्या रेघांची वीण असते, तिचाही नियम काय? एक सुलट, एक उलट! मग एकाच नियमातून दोन विणी कशा निघतात?

सुईवर चाळीस टाके घाला आणि प्रत्येक ओळ 'एक सुलट, एक उलट' अशीच सुरू करा. बॉर्डर तयार होईल. एकेचाळीस टाके घाला आणि तेच करा; दाण्याची वीण तयार होईल. एका टाक्याचा फरक. कारण असे की ओळ संपली की आपण काम उलटे फिरवतो. टाके सम असले तर सुलटवर सुलट येतो, दाण्यावर दाणा येतो, आणि उभ्या रेघा उठतात. विषम असले तर प्रत्येक सुलट टाका दाण्यावर बसतो आणि प्रत्येक दाणा सुलटवर. बुद्धिबळाचा पट होतो.

ज्याला हे एकदा दिसले त्याला नियम पाठ करायची गरज उरत नाही. तो सुईवरचा टाका पाहतो. समोर दाणा असेल तर सुलट, समोर सपाट असेल तर उलट. मधेच दूध उतू गेले म्हणून उठला आणि ओळ कुठपर्यंत आली ते विसरला, तरी कापडच त्याला सांगते. शिकणाऱ्याच्या बाबतीत खरा बदल घडतो तो इथे. आकडे मोजणारा माणूस कापड वाचायला लागतो. हे 'वाचणे' आजच्या इतिहासातले मुख्य पात्र आहे, असे धरून चाला.

आता मागे जाऊ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधले लाल लोकरीचे मोजे आहेत, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातले, अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेले. बरीच वर्षे लोक त्यांना आजच्यासारख्या विणकामाचे पूर्वज समजत. ते तसे नाहीत. ते एका नेढ्याच्या सुईने, धाग्याचे छोटे छोटे तुकडे फासांतून ओवत केलेले काम आहे. दिसायला सारखे, करायला अगदी निराळे. खरे दोन सुयांचे विणकाम म्हणता येईल असे जुने अवशेष इजिप्तमध्येच मिळतात, पण ते इस्लामी काळातले, साधारण ११व्या ते १४व्या शतकांतले. सुती मोजे, पांढऱ्यावर निळी नक्षी, कधी अरबी अक्षरांसारखी वळणे. स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या कबरीत विणलेली रेशमी उशी मिळाली. तो १२७५ साली वारला. तिथेही नक्षी आहे ती रंगाची. वीण सगळी सपाट, सुलट.

हे का असावे? आमचे उत्तर असे: हे लोक गोल विणत होते. चार-पाच सुयांवर नळीसारखे गोल गोल विणत गेले की काम उलटे फिरवावेच लागत नाही. सुलट बाजू कायम समोर. मग उलट टाक्याची गरजच काय? तो माहीत नसला तरी मोजा होतो, टोपी होते, हातमोजा होतो. कित्येक पिढ्यांनी रंगांची अवघड नक्षी काढली आणि तरीही फास पलीकडे ढकलून पाहिला नाही, किंवा ढकलून पाहिला असला तरी त्याचा मागमूस उरला नाही. वास्तविक प्रत्येक मोज्याच्या आतल्या बाजूला दाणेच दाणे होते. रोज पायात घालताना ते बोटांना लागत होते. पण ती 'आतली बाजू' होती, लपवायची. ती बाहेर आणली तर शोभा येईल, हे सुचायला वेळ लागला.

उलट टाका ठळकपणे, मुद्दाम आणि शोभेसाठी वापरलेला दिसतो, अशा जुन्या वस्तूंपैकी सर्वात प्रसिद्ध म्हणजे एलेओनोरा दी तोलेदो हिचे मोजे. फ्लॉरेन्सच्या कोसिमो दे मेदिची याची ही पत्नी १५६२ साली वारली. १८५७ मध्ये कबर उघडली तेव्हा गर्द लाल रेशमाचे मोजे मिळाले, आणि त्यावर रंगाची नव्हे तर केवळ सुलट-उलट टाक्यांची नक्षी होती. दुसरी वस्तू इंग्लंडची. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा त्याने अंगात घातली होती असे सांगितले जाणारी रेशमी बंडी लंडनच्या संग्रहालयात आहे. फिकट निळसर हिरवी, अतिशय बारीक विणीची. ती खरोखर त्याच दिवशीची का, याची शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. राजांच्या वस्तूंचे हे नेहमीचेच. आम्हाला राजापेक्षा बंडीत रस आहे. तिची सगळी नक्षी एकाच रंगात आहे. सपाट जमिनीवर दाण्यांची फुले. त्या काळात दमास्क नावाचे महाग रेशमी कापड मागावर विणले जाई, त्यात अशीच एकरंगी, उजेडात चमकणारी नक्षी असे. विणणाऱ्याने ते कापड पाहिले आणि सुयांवर आणले. म्हणजे मागावरच्या श्रीमंतीची नक्कल करताना विणकामाला आपली स्वतःची भाषा सापडली. नक्कल करताना असं पुष्कळदा होतं.

इथे थोडा कापडाचा स्वभाव सांगितला पाहिजे. नुसत्या सुलट बाजूचे विणलेले कापड सपाट राहत नाही. कडा गुंडाळल्या जातात. फासांचा ताण पुढे आणि मागे सारखा नसतो म्हणून असे होते. सुलट आणि उलट आलटूनपालटून आले की ते ताण एकमेकांना तोलतात. म्हणून दाण्याची वीण टेबलावर ठेवली तर पोळीसारखी पसरून राहते. उभ्या रेघांत मात्र सुलट रकाने पुढे येतात, उलट रकाने मागे दबतात आणि कापड आडवे आखडते. म्हणून ते मनगट धरून ठेवते. दाणे आडव्या ओळीत आले तर उलटी गोष्ट होते, दाण्यांच्या ओळी पुढे येतात आणि कापड उभे आखडते. नवशिक्याला जे 'बिघडलेले', वळलेले कापड वाटते, त्याच्यातल्या ताणावरच सगळा उठाव उभा आहे.

आणि या साध्या टाक्याने यंत्राला किती दमवले, ते ऐका. १५८९ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनचा विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र बनवले. एकेका फासासाठी एकेक आकडा, आणि सगळी ओळ एका झटक्यात. एलिझाबेथ राणीने त्याला एकाधिकार दिला नाही. शेवटी तो फ्रान्सला गेला. यंत्र मात्र टिकले. पण त्या यंत्राचे सगळे आकडे एकाच बाजूने फास ओढत. म्हणजे सगळे टाके सुलट. एकाच ओळीत एक सुलट आणि एक उलट घालणे त्याला जमेना. ते जमले १७५९ साली, डर्बीशायरच्या जेडेडाया स्ट्रट याच्या जोडयंत्राने. त्याने आकड्यांचा दुसरा संच लावला, जो ठरावीक फास उचलून उलटे करी. १५८९ ते १७५९, हिशेब करा: एकशे सत्तर वर्षे. सात वर्षांची पोर जे दुपारभरात शिकते, ते करायला यंत्राला एकशे सत्तर वर्षे लागली. स्ट्रटचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या एकस्वाचे वर्ष ठाऊक आहे. पहिल्यांदा दाणा बाहेरच्या बाजूला आणणाऱ्या हाताचे नाव कुठेही नाही.

सात वर्षांची पोर म्हटलं ते उगाच नाही. इंग्लंडमध्ये १६व्या शतकाच्या अखेरीस काही शहरांनी गरीब मुलांसाठी विणकामाच्या शाळा काढल्या. हेतू कलेचा नव्हता. पोरे भीक मागू नयेत आणि पोटापुरते कमवावे, हा होता. डोंगराळ यॉर्कशायरच्या कडेला डेंट नावाचे गाव आहे. तिथले स्त्री-पुरुष विणकामाच्या भयंकर वेगासाठी प्रसिद्ध होते. रॉबर्ट सदी या कवीच्या 'द डॉक्टर' या ग्रंथात एका बाईची आठवण छापली आहे. १८व्या शतकात लहानपणी तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला विणकाम शिकायला डेंटला पाठवले होते. दिवसभर विणायचे, गाणे म्हणत हाताचा वेग राखायचा, नेमलेले काम पुरे करायचे. दोघींना घराची आठवण सहन होईना. शेवटी ऐन थंडीत त्या पळाल्या आणि डोंगर तुडवत, वाटेत कुणाकुणाच्या दारी आसरा घेत, पायी घरी पोचल्या. लोकरीच्या विणकामाच्या इतिहासात शिकणाऱ्याचा आवाज फार क्वचित ऐकू येतो. तो ऐकू येतो तेव्हा तो असा, पळून जाणाऱ्या मुलींचा. आजकाल विणकामाने मन शांत होते असे सांगतात. होत असेलही. डेंटमध्ये ते काम रोजीरोटीच्या मापाने मोजले जात होते, हे विसरू नये.

लिहून ठेवण्याचे काय? इंग्रजीत छापलेली मोजे विणण्याची जुनी कृती १६५५ सालच्या एका पुस्तकात आहे. पुस्तक मुख्यतः औषधांचे आणि घरगुती नुस्ख्यांचे. ती कृती वाचून मोजा विणायचा म्हणजे आधीपासून येत असलेल्या माणसालाच शक्य. पुढे १८४० साली एडिनबरोच्या जेन गॉगेन या दुकानदार बाईंनी पुस्तक काढले, टाक्यांसाठी अक्षरे आणि खुणा ठरवल्या. त्यांच्यामागून अशा पुस्तकांची रीघ लागली. सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया ही त्यांची गिऱ्हाइके. म्हणजे बघा, ज्यांना विणून पोट भरायचे होते त्यांना पुस्तक नव्हते, आणि ज्यांना पुस्तक होते त्यांना विणून पोट भरायचे नव्हते. लेखी इतिहास दुसऱ्यांचा आहे. पहिल्यांचा इतिहास कापडातच शोधावा लागतो.

तो शोधायला सर्वात चांगली जागा म्हणजे ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे स्वेटर. गर्द निळी, घट्ट पिळाची लोकर, पाच पोलादी सुया, गोल विणलेले, अंगाला चिकटून बसणारे. एवढ्या गडद रंगावर रंगीत नक्षी काय करणार? मग नक्षी आली ती सुलट-उलट टाक्यांची: शिडी, दोर, नांगर, निशाण. दाण्यांमुळे कापड जाड होते, हवा धरून ठेवते, ऊब वाढते. बहुतेक ठिकाणी नक्षी छातीवर आणि दंडावर. खालचा भाग आणि बाहीचे टोक साधे. कारण बाही खांद्याकडून मनगटाकडे विणत. मनगट झिजले की तेवढेच उसवायचे आणि पुन्हा विणायचे. झिजणाऱ्या जागी नक्षी कोण घालील? सौंदर्य आणि काटकसर यांचा असा हिशेब आमच्याकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला कुणी शिकवावा लागत नाही.

नक्षी किनाऱ्याने प्रवास करी. हेरिंग माशांचे थवे उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत, त्यांच्यामागे होड्या, आणि होड्यांमागे मासे साफ करणाऱ्या स्कॉटिश मुली, थेट ग्रेट यार्मथपर्यंत. दिवसभर सुरी चालवायची, बोटांना चिंध्या बांधायच्या, आणि मोकळ्या वेळी चालता-बोलता विणायचे. एका बंदरातली मुलगी दुसऱ्या बंदरातल्या माणसाच्या छातीवरची नक्षी पाही आणि घरी जाऊन विणी. कागद नाही, खुणा नाहीत. समोरचे कापड वाचायचे. मघाशी सांगितलेले ते वाचन हेच.

आता येते ती जगभर सर्वांना माहीत असलेली गोष्ट. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी अरन नावाची तीन बेटे आहेत. तिथला पांढरा, वेण्यांच्या आणि दाण्यांच्या दाट नक्षीचा स्वेटर आपण चित्रांत पाहिला असेल. गोष्ट अशी सांगतात की प्रत्येक कुळाची नक्षी वेगळी, हजारो वर्षांपासून ठरलेली. आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचे प्रेत वाहून आले की चेहरा ओळखू आला नाही तरी स्वेटरच्या नक्षीवरून कूळ ओळखत. ऐकताना अंगावर काटा येतो. दुकानांत आजही आडनावानुसार नक्षी विकतात.

या गोष्टीला जुना पुरावा नाही. रिचर्ड रट हे इंग्लंडमधले बिशप, स्वतः उत्तम विणणारे; त्यांनी १९८७ साली हातविणकामाचा इतिहास लिहिला आणि ही गोष्ट उलगडून दाखवली. दाट नक्षीच्या पांढऱ्या अरन स्वेटरचा खात्रीचा माग काढत गेले तर आपण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपाशी थांबतो. १८९१ साली सरकारने पश्चिम आयर्लंडच्या अतिगरीब भागांसाठी एक मंडळ स्थापले. मासेमारी आणि घरगुती उद्योग वाढवणे हे त्याचे काम. बाहेरच्या होड्या आल्या, बाहेरचे कोळी आले, त्यांच्या अंगावरचे निळे स्वेटर बेटावरच्या बायकांनी पाहिले. अभ्यासकांना सर्वात संभवनीय वाटते ते असे, की या बायकांनी ती नक्षी उचलली, जाड पांढऱ्या लोकरीत आणली, वेण्या वाढवल्या, मोकळी जागा दाण्यांनी भरली. १९३० पासून डब्लिनमध्ये म्युरिअल गॅहन यांच्या दुकानातून असे हातकाम विकले जाऊ लागले. १९३६ मध्ये हाइन्झ किव्ह नावाच्या विणकाम-सामानाच्या व्यापाऱ्याने डब्लिनमध्ये असा एक स्वेटर विकत घेतला, त्याचे चित्र १९४३ सालच्या मेरी थॉमस यांच्या पुस्तकात आले, आणि मग किव्ह यांनीच या नक्षीला प्राचीन ख्रिस्ती हस्तलिखितांपर्यंत नेऊन भिडवले. पुढे १९६१ साली क्लॅन्सी बंधू हे गायक अमेरिकन टेलिव्हिजनवर हे स्वेटर घालून आले आणि मागणी आभाळाला भिडली.

बुडालेल्या माणसाची गोष्ट मग आली कुठून? जॉन सिंग यांचे 'रायडर्स टू द सी' हे नाटक १९०४ साली रंगभूमीवर आले. त्यात बुडालेल्या भावाचे कपडे बहिणीच्या हाती येतात आणि ती ओळखते. पण कशावरून? स्वेटर नाही, मोजा आहे. कुळाची नक्षी नाही, तिने स्वतः घातलेल्या आणि सोडलेल्या टाक्यांचा हिशेब आहे. तिने तो मोजा विणला होता, म्हणून तिला तो वाचता आला. आता फरक पाहा. नाटकात ओळखणारी आहे ती विणणारी बहीण, तिची स्मृती, तिची मोजणी. दंतकथेत तिची जागा कुळाने घेतली. विणणारीने काही ठरवले नाही, काही शोधले नाही, पूर्वजांनी दिलेला शिक्का तिने फक्त उमटवला, असे दंतकथा सांगते. आणि प्रत्यक्षात काय होते? एकाच पिढीत, पैशाच्या नडीपायी, दुसऱ्यांच्या अंगावरचे कापड वाचून एक अत्यंत गुंतागुंतीची नवी रचना उभी करणाऱ्या बायका. हे पुष्कळ मोठे काम आहे. पण प्राचीन म्हटले की किंमत जास्त येते. 'या बाईने गेल्या हिवाळ्यात शोधून काढले' असे म्हटले की गिऱ्हाईक भाव पाडते. 'हजारो वर्षांची परंपरा' हे शब्द आमच्याकडेही किती कारागिरांच्या डोक्यावरून असेच फिरवले जातात, ते आपण जाणता. परंपरा म्हणायचे, म्हणजे मजुरी द्यायची आणि बुद्धीचे श्रेय टाळायचे.

तत्त्वज्ञान यात कुठे आले? आमच्या न्यायशास्त्रात कार्यकारणभाव शिकवायला पहिले उदाहरण कापडाचेच. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात आहे: तंतू हे पटाचे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि मागाचे सामान हे निमित्त कारण. शतकानुशतके विद्यार्थ्यांनी हे घोकले. शिवाय नैयायिकांनी कर्त्याचे लक्षणही फार सुंदर केले. कर्ता तो, ज्याला आपल्या उपादानाचे साक्षात ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि प्रयत्न आहे. उपादानाचे साक्षात ज्ञान! म्हणजे लोकर बोटाला काय सांगते ते. पण या लक्षणाचा उपयोग त्यांनी केला कशासाठी? जग हे कार्य आहे, तेव्हा त्याला असा जाणता कर्ता हवा, म्हणून ईश्वर. युक्तिवाद मोठा आहे. फक्त कोष्ट्याच्या घरी जाऊन 'बाबा, तुझे ते साक्षात ज्ञान कसे असते रे?' असे विचारल्याची नोंद त्या वाङ्मयात आम्हाला भेटलेली नाही. जातीची भिंत मध्ये होती, हे स्पष्ट बोलावे. उदाहरण घरात आले, उदाहरण करणारा ओसरीवरच राहिला.

पश्चिमेत गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' मध्ये 'कसे करावे' हे जाणणे आणि 'अमुक असे आहे' हे जाणणे, यांतला भेद मांडला. पहिले ज्ञान दुसऱ्याचे भाषांतर नव्हे, असा त्यांचा आग्रह. दाण्याची वीण त्यावर एक छोटी भर घालते असे आम्हाला वाटते. 'एक सुलट, एक उलट' हे विधान आहे, आणि ते खरे आहे. पण चाळीस टाक्यांवर तेच विधान बॉर्डर देते आणि एकेचाळीसवर दाणे देते. विधान तेच, कापड निराळे. फरक कळतो तो सुईवरचा टाका पाहणाऱ्याला.

वेळ झाली आहे. मघाशी चिठ्ठी आली आहे, एका भगिनींची: 'हे शिकायचे तर सुरुवात कशी करावी?' लोकर जरा जाड आणि फिक्या रंगाची घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत दाणा दिसतच नाही, ती कोळिणींना लखलाभ असो. सुया आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटरच्या. आपल्याकडे जुने ब्रिटिश माप चालते, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पुस्तकात बरोबर उलटे, तेव्हा मिलिमीटर पाहूनच घ्या. एकवीस टाके घाला, जास्त नको. सुलटवरून उलटकडे जाताना सूत दोन सुयांच्या मधून पुढे आणा, सुईवरून नव्हे, नाहीतर टाके आपोआप वाढत जातील. दहा-बारा ओळी झाल्या की थांबा आणि काम उलटून बघा. दाण्याची वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मग बावीस टाके घालून तेच पुन्हा करा आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवा.